किल्ली आत, आपण बाहेर: गाडी लॉक झाली तर काय करायचं आणि ती वेळ कशी टाळायची

डिकी बंद झाल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. दोन्ही हातांत सामान होतं, म्हणून किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली होती. सामान ठेवता ठेवता उकडायला लागलं, तेव्हा जाकीट काढून बॅगांवर टाकलं आणि डिकी लावली. काही क्षणांनी चारही दारांतून एकदमच ‘खट्’ असा आवाज आला. गाडी मी रिमोटने उघडली होती, पण उघडली होती फक्त डिकी. दार एकही उघडलेलं नाही, हे गाडीला कळत होतं, आणि तिने स्वतःला पुन्हा लॉक करून घेतलं. काचेतून पुढच्या सीटवर पडलेला मोबाइल स्पष्ट दिसत होता. एका अनोळखी माणसाने फोन दिला, पण घरचा एक नंबर सोडला तर मला कुणाचाच नंबर पाठ नव्हता.

नव्याने गाडी चालवायला लागलेल्यांनी ही वेळ येण्याआधी थोडी तयारी करून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. गाडी लॉक झाल्यावर जो गोंधळ उडतो, त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्याला आपलीच गाडी आणि आपलीच किल्ली नीट माहीत नसते. आत्ता कुणी गाडीबाहेर उभं राहून हे वाचत असेल, म्हणून आधी तातडीचं सांगतो. तयारीचं त्यानंतर.

सगळ्यात आधी: आत कोणी आहे का?

गाडीत लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस किंवा एखादा प्राणी अडकला असेल, तर गाडीची, काचेची, खर्चाची काळजी बाजूला ठेवा. बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पहिल्या १० मिनिटांत आतलं तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढतं, अर्ध्या तासात सुमारे १९ अंशांनी. बाहेर २२ अंश इतकी सुखद हवा असतानाही उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत तापमान गेल्याचं मोजलेलं आहे. काच दोन बोटं खाली असली तरी विशेष फरक पडत नाही. त्यात मुलांचं शरीर मोठ्यांच्या ३ ते ५ पट वेगाने तापतं.

मूल शुद्धीत असेल, आपलं ऐकत असेल आणि ऊन नसेल, तर आधी त्याच्याकडूनच दार उघडून घेता येतं का बघा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ती आतून उघडत नाहीत. म्हणून मुलाला पुढच्या सीटवर यायला सांगा आणि तिथलं आतलं हँडल ओढायला किंवा लॉकचं बटण दाबायला सांगा. किल्ली त्याच्याच हातात असेल तर रिमोटचं बटण दाबण्याचा खेळ करा. चेहऱ्यावर भीती दिसू देऊ नका. मूल रडायला लागलं की पुढचं सगळं अवघड होतं.

एकीकडे हे चालू असताना दुसऱ्या कुणाला तरी आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला सांगा. मूल सुस्त वाटत असेल, लालबुंद झालं असेल, प्रतिसाद देत नसेल किंवा गाडी उन्हात असेल, तर मदतीची वाट न बघता काच फोडा. कुठली काच, तेही महत्त्वाचं आहे. पुढची मोठी काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते. ती तडकते, पण फुटून पडत नाही. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात आणि फुटल्या की त्यांचे बारीक दाणे होतात. माणसापासून सगळ्यात लांबची दाराची काच निवडा, तोंड वळवा, हाताला कापड गुंडाळा आणि टोकदार, कठीण वस्तूने काचेच्या कोपऱ्यात जोराने मारा. काचेच्या मध्यावर मारलं तर फटका बराचसा वाया जातो. सपाट दगड तर उसळून परतही येतो.

आत कोणी नसेल तर गाडीभोवती एक फेरी

आता घाई नाही. गाडी कुठे जात नाही.

पाचही दरवाजे तपासा, म्हणजे चार दारं आणि डिकी. पहिलं दार उघडलं नाही की आपण हताश होतो आणि बाकीच्यांना हात लावायचंच विसरतो. मागचं एखादं दार नीट लागलेलं नसतं, एखादी काच चार बोटं खाली राहिलेली असते. डिकी उघडली तर अर्धं काम झालं. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची पाठ डिकीकडून खाली पाडता येते. त्यासाठी एक खटका किंवा पट्टा असतो.

बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर प्रत्येक दाराच्या हँडलवरचं बटण आणि डिकीचं बटण दाबून बघा. किल्ली डिकीत किंवा दाराजवळच्या कप्प्यात पडली असेल तर एखाद्या बाजूच्या अँटेनाला ती बाहेर असल्यासारखी वाटू शकते आणि तेवढं दार उघडतं. दर वेळी होईलच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही.

गाडीचं मोबाइल अॅप घेतलेलं असेल तर त्यातून लॉक उघडता येतं. यासाठी नेटवर्क फोनला लागतं तसं गाडीलाही लागतं, हे ध्यानात ठेवा. तळघरातल्या पार्किंगमध्ये हा उपाय हमखास दगा देतो. फोन आत अडकला असेल, तर दुसऱ्याच्या फोनवर आपल्या खात्यात लॉगिन करता येतं, पासवर्ड आठवत असेल तर.

मग दुसरी किल्ली. ती कुणाकडे आहे, इथवर यायला किती वेळ लागेल? तासाभरात येणार असेल तर मी बाकी काहीच करणार नाही, सावलीत थांबेन.

इंजिन चालू राहिलं असेल तर मदत मागताना हे पहिल्या वाक्यात सांगा. गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर शटर लगेच पूर्ण उघडा आणि स्वतः बाहेर थांबा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

किल्ली हातात आहे, तरी दार उघडत नाही

रिमोट दाबला, काहीच झालं नाही, म्हणजे किल्ली बिघडली असं समजून लोक गाडी टो करायला निघतात. बहुतेक वेळा प्रश्न दोन सेलपैकी एकाचा असतो: किल्लीतला नाण्यासारखा छोटा सेल किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. बटण दाबल्यावर किल्लीवरचा बारीक दिवा लागतच नसेल किंवा अगदी मंद लागत असेल, तर किल्लीतला सेल गेला आहे. दिवा नीट लागतोय पण गाडीचा ना इंडिकेटर लुकलुकतो ना आवाज येतो, तर गाडीची बॅटरी उतरली असण्याची शक्यता जास्त.

दोन्ही वेळी उपाय आपल्या हातातच असतो. बहुतेक स्मार्ट कीच्या, म्हणजे नुसती जवळ असली तरी गाडी उघडणाऱ्या आणि बटणाने सुरू होऊ देणाऱ्या किल्लीच्या, पोटात एक साधी धातूची किल्ली असते. कडेला छोटा खटका दिसेल. तो सरकवून वरचं टोक ओढलं की पातं बाहेर येतं. अनेकांनी वर्षानुवर्षं गाडी चालवूनही हे पातं कधी पाहिलेलं नसतं. आता ते घालायचं कुठे? ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमध्ये किंवा त्याच्या टोकाला कुलपाचं भोक असतं. नव्या गाड्यांत ते रंगाच्या टोपणाखाली झाकलेलं असतं. टोपणाच्या खालच्या कडेला एक फट असते. पात्याचं टोक त्या फटीत घालून हलकेच वर उचकटायचं. रंगाला ओरखडा नको असेल तर मध्ये रुमाल धरा. टोपण निघालं की पातं घालून फिरवा. कुलूप कधीच वापरलेलं नसल्याने थोडं जड जाईल. जोर लावा, पण पातं पिळू नका.

दार उघडताच अलार्म कोकलण्याची शक्यता आहे, कारण रिमोटशिवाय दार उघडलेलं गाडीला चालत नाही. घाबरू नका. आत बसा, ब्रेक दाबा आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला चिकटवून बटण दाबा. किल्लीत एक वेगळी चिप असते आणि तिला सेल लागत नाही. गाडीतली कॉइल तिला काही सेंटिमीटरवरून वीज पुरवते आणि तिचा नंबर वाचते. नंबर जुळला की अलार्म थांबतो, गाडी सुरू होते. काही गाड्यांत किल्ली बटणाऐवजी कप होल्डरमध्ये, मधल्या कप्प्यात किंवा स्टिअरिंगखालच्या खुणेपाशी धरावी लागते. नेमकी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि मॅन्युअल असतं ग्लोव्ह बॉक्समध्ये, लॉक झालेल्या गाडीच्या आत. ती दोन पानं आजच फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

गाडीचीच बॅटरी उतरली असेल तर पात्याने ड्रायव्हरचं दार उघडेल, आतून बॉनेटचा खटका ओढता येईल आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून गाडी सुरू (जम्प स्टार्ट) करता येईल. विजेवर उघडणारी डिकी मात्र तोवर उघडणार नाही. म्हणूनच जम्पर केबल डिकीत ठेवू नयेत, पुढच्या सीटखाली ठेवाव्यात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: दारांची कुलपं मोठ्या बॅटरीवर नाही, कमी व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही छोटी उतरली की दार उघडत नाही. काही मॉडेलना बाहेर कुलपाचं भोकच नसतं. तुमची गाडी तशी असेल तर बाहेरून वीज कुठे द्यायची, हे आधीच शोधून ठेवा.

मदत बोलावताना

रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी अडली तर मदत पाठवणारी सेवा, हा प्रकार अनेकदा विम्याबरोबर किंवा गाडीच्या वॉरंटीबरोबर आलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. पॉलिसी काढून एकदा वाचा. त्या सेवेचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटातही ठेवा. फोन आत अडकला की फोनमधल्या नंबरांचा उपयोग संपतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

फोनवर सांगायच्या गोष्टी: गाडीचं मॉडेल आणि साल, किल्ली कुठल्या प्रकारची, ती कुठे राहिली आहे, इंजिन चालू आहे का, आणि तुम्ही नेमके कुठे उभे आहात. चावीवाल्याला बोलावत असाल तर एकूण किती घेणार, येण्याचे वेगळे आहेत का, हे तो निघण्याआधी ठरवा. गाडी तुमची आहे याचा पुरावा त्याने मागितला तर राग मानू नका. कागद आत असतील तर दार उघडताच दाखवतो म्हणून सांगा. जो काहीच विचारत नाही, त्याच्याबद्दल मला जास्त शंका येते.

चांगला कारागीर दाराच्या वरच्या कडेत हवेची छोटी पिशवी सरकवतो, ती फुगवून बोटभर फट करतो आणि लांब सळईने आतलं बटण दाबतो किंवा हँडल ओढतो. नाहीतर कुलपात विशेष हत्यार घालून ते उघडतो. सरावलेल्या हाताला यात काही मिनिटंच लागतात आणि दाराला काही होत नाही. नुसत्या अडकलेल्या गाडीसाठी कुणी पहिल्यांदाच ड्रिल बाहेर काढलं, तर त्याला थांबवा.

हे करून बघू नका

काचेच्या रबरातून पट्टी किंवा तार खाली घालायचा जुना उपाय साध्या दारांसाठी होता. आजच्या दारात काचेची मोटर, वायरी, काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर असतात. आतून काय तुटलं ते दिसत नाही आणि काच खाली जायची बंद होते तेव्हा कळतं.

टेनिस बॉलला भोक पाडून तो कुलपावर दाबला की हवेच्या दाबाने लॉक उघडतं, असे व्हिडिओ फिरत असतात. सेंट्रल लॉकिंग विजेच्या मोटरवर चालतं. चेंडूभर हवेने ते उघडत नाही. घरून कुणीतरी फोनजवळ रिमोट दाबायचा आणि इकडे आपला फोन गाडीजवळ धरायचा, हाही तसलाच प्रकार. रिमोट रेडिओ लहरी पाठवतो, फोनवरून फक्त आवाज जातो.

मुळात असं होतं कसं

माझ्या बाबतीत जे झालं, तेच सगळ्यात जास्त फसवतं. रिमोटने गाडी उघडल्यावर ठरावीक वेळात, बऱ्याच गाड्यांत सुमारे ३० सेकंदांत, दार उघडलं नाही तर गाडी परत लॉक होते. चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय आहे. काही गाड्या नुसती डिकी उघडली तर ते ‘दार उघडलं’ असं धरत नाहीत.

स्मार्ट कीवाले निर्धास्त असतात, कारण किल्ली आत असली तर गाडी बीप करून लॉक व्हायला नकार देते. मात्र गाडीला किल्ली जाणवली तरच. धातूच्या डब्याशेजारी, चांदीच्या कागदाचं अस्तर असलेल्या पिशवीत, लॅपटॉपखाली किंवा मोबाइलला चिकटून असलेली किल्ली तिला जाणवत नाही. मग किल्ली आत नाहीच, असं गाडी समजते.

बाकी कारणं घरगुती आहेत. इंजिन चालू ठेवून फाटक उघडायला उतरणं, गाडीत थांबलेल्या कुत्र्याचा पंजा लॉकच्या बटणावर पडणं, जुन्या गाडीत दाराची खुंटी दाबून दार ओढून घेणं. आणखी एक प्रकार नव्यांच्या लक्षातच येत नाही. बटणाने सुरू होणारी गाडी तुम्ही चालवताय, किल्ली मात्र शेजारी बसलेल्याच्या खिशात आहे. तो वाटेत उतरतो. गाडी बीप करते, डॅशबोर्डवर सूचना येते, पण इंजिन चालूच राहतं. तुम्ही पोहोचता, बंद करता आणि मग ती सुरू होत नाही. कुणीही उतरण्याआधी ‘किल्ली कुणाकडे?’ हा प्रश्न मोठ्याने विचारायची आम्ही घरात सवय लावून घेतली आहे.

घरच्या घरी एक तालीम

एका निवांत सकाळी वीस मिनिटं काढा. दोन्ही किल्ल्या घ्या, एक माणूस सोबत घ्या आणि ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली करा.

१. किल्लीतलं पातं बाहेर काढा आणि परत बसवा. दोनदा करा, म्हणजे अंधारातही जमेल.

२. दाराच्या कुलपाचं भोक शोधा, टोपण काढा, पात्याने लॉक करून उघडा. बटणाने सगळं होत असताना हे कुलूप वर्षभर फिरत नाही आणि गंजतं. वर्षातून दोनदा फिरवलं की हलकं राहतं.

३. दोन्ही किल्ल्यांतले सेल काढून ठेवा आणि किल्ली बटणाला चिकटवून गाडी सुरू करून बघा. एकदा स्वतः केलं की रस्त्यात हात थरथरत नाहीत.

४. सेल परत बसवा. दुसरी किल्ली सोबत्याकडे देऊन त्याला लांब उभं करा. आपली किल्ली डिकीत ठेवा, डिकी लावा, काय होतं ते बघा. मग बॅगेत, ग्लोव्ह बॉक्समध्ये, मोबाइलशेजारी ठेवून दारं लावा आणि हँडलवरून लॉक करून बघा. गाडी कुठे नकार देते आणि कुठे गप्प लॉक होते, हे तुमच्या गाडीबद्दल तुम्हाला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. काच उघडी आहे, त्यामुळे काही अडकलं तरी हात घालून किल्ली काढता येईल.

५. डिकी उघडून मागची सीट आतून पाडता येते का, ते बघा.

हाताला लागायच्या सवयी

दाराच्या आतल्या बटणाने किंवा खुंटीने गाडी कधी लॉक करायची नाही. बाहेर उभं राहून, किल्ली हातात धरून, रिमोटने किंवा पात्यानेच करायची. ही एकच सवय पाळली तरी बहुतेक प्रसंग टळतात. किल्लीची जागाही एकच ठरवा. माझी किल्ली आता पँटच्या उजव्या खिशातच असते. जाकीट, बॅग, सीट, डॅशबोर्ड, डिकीचा कठडा या जागा बाद.

दुसरी किल्ली गाडीत ठेवू नका, हे सांगायला नको वाटतं, पण लोक ठेवतात. ती घरी असावी, आणि ते घर उघडू शकणारा एक माणूस जवळपास असावा. तिसरा एक साधा उपाय मला फार आवडतो. दाराला कुलपाचं भोक असलेल्या गाडीसाठी चिप नसलेली साधी किल्ली कापून घ्यायची. इमोबिलायझरमुळे, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेमुळे, तिने गाडी सुरू होत नाही, पण दार उघडतं आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. अशी किल्ली पाकिटात मावते. चाकाच्या वर चुंबकाच्या डबीत किल्ली लपवायचा सल्ला मात्र मी देणार नाही. ती डबी कुठे शोधायची हे चोरांनाही ठाऊक असतं, आणि डबीत स्मार्ट की असेल तर कुणीही हँडलला हात लावला की दार उघडू शकतं.

नव्या गाडीच्या किल्लीबरोबर बऱ्याचदा नंबर कोरलेला एक छोटा टॅग येतो. तो किल्लीला अडकवून फिरू नका, घरी जपून ठेवा. दोन्ही किल्ल्या हरवल्या तर नवी बनवताना तो नंबर आणि गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर लागतो.

आता सेल. बहुतेक किल्ल्यांत ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. त्यातले पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर, आणि पुढचे दोन जाडी, ३.२ मिलिमीटर. म्हणून २०२५ चा सेल त्या जागी ढिला बसतो. किल्ली उघडून नंबर बघूनच विकत घ्या. पूर्वी दहा पावलांवरून उघडणारी गाडी आता दोन पावलांवरून उघडायला लागली की सेल बदलायची वेळ झाली. मी खूण दिसायची वाट न बघता दर दोन वर्षांनी बदलतो. जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

नवा सेल घातल्यावर किल्लीचं प्रत्येक बटण लांबून दाबून बघा आणि त्याच दिवशी दुसऱ्या किल्लीचाही सेल बदला. मग महिन्यातून एक दिवस गाडी त्या दुसऱ्या किल्लीवर चालवा, म्हणजे ती चालू आहे आणि कुठे ठेवली आहे, दोन्ही कळतं.